पुन्हा पाठवत आहे

दरड कोसळली तेव्हा मृणाल भोईटे केबल-गल्लीच्या टोकाला शिडीवर उभी राहून संदेशयंत्रणेची पेटी तपासत होती. आधी कानांत दडे बसले, मग दिवे गेले, आणि मग वाऱ्याचा असा लोट आला की ती शिडीसकट खाली आली. उठून तिने हेल्मेटवरचा दिवा लावला. समोर नुसती धूळ होती. ती जरा विरळ झाल्यावर कळलं, गल्लीचं तोंड जिथे असायला हवं तिथे छतापर्यंत दगड भरले आहेत.

"मॅडम? हाय का तुमी?"

तो आवाज अंकुश लोखंड्यांचा. क्रेन चालवणारे, निवृत्तीला आलेले. सगळा प्रकल्प त्यांना मामा म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत गुहेतली माणसं वर कॅंटीनला जात, मामा मात्र डबा घेऊन या गल्लीत येऊन बसत. इथे गारवा असायचा आणि कुणी बोलायला नसायचं.

"आहे मामा. तुम्हाला लागलंय का?"

"डबा सांडला," मामा म्हणाले.

सावरघळचा हा प्रकल्प डोंगराच्या पोटात होता. दिवसा उन्हाची वीज उतू जायची. त्या विजेवर खालच्या तळ्यातलं पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवायचं, आणि संध्याकाळी गावागावांत दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज परत मिळवायची. त्यासाठी डोंगर आतून पोखरून गुहा केली होती, आणि गुहेच्या अंगाने गल्ल्या. मृणालकडे या सगळ्या भुयारांतल्या संदेशयंत्रणेची देखभाल होती. वर नियंत्रण कक्षात तिचा नवरा श्रीरंग बसायचा. दोघांची ओळखही इथलीच.

यंत्रणेचं नाव होतं 'दुवा'. भुयारात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला पट्टा असे. पट्टा ठोके आणि श्वास मोजून भिंतीवरच्या पेटीला कळवी, ती पेटी पुढच्या पेटीला, अशी साखळी वरपर्यंत. आता ती साखळी दगडांखाली गेली होती. उरली होती ती मृणालच्या डोक्यावरची एकच पेटी. अशा वेळी ती थेट खडकातून, अगदी संथ लहरींनी वर बोलू शकत असे. म्हणजे तशी सोय तरी केलेली होती. खरी गरज आजवर पडली नव्हती.

पेटीतून खरखर आली आणि मग श्रीरंगचा आवाज.

"मृणाल, अंकुशमामा, तुम्हा दोघांचे ठोके दिसताहेत. बाकी सगळे बाहेर आहेत. तुम्ही ठीक आहात का, लिहून कळव."

तिने पेटीच्या छोट्या पडद्याखालच्या बटणांवर लिहिलं, 'दोघे ठीक.' पडद्यावर उमटलं: पाठवत आहे. मग: पुन्हा पाठवत आहे. पुन्हा पाठवत आहे. बऱ्याच वेळाने: पोचले.

"आलं!" श्रीरंग ओरडला, आणि त्याच्यामागे माणसांचा गलका ऐकू आला. मृणाल भिंतीला टेकून खाली बसली आणि मामांचं उरलेलं अर्धं थालीपीठ दोघांनी वाटून खाल्लं.

*

वरून खाली बोलणं सोपं होतं. वरचा प्रक्षेपक खोलीएवढा आणि त्याला हवी तेवढी वीज. श्रीरंगचा श्वाससुद्धा खाली ऐकू यायचा. खालून वर बोलायला मात्र बॅटरीवरच्या एका पेटीचीच ताकद. ती जे पाठवी त्याचे लहान लहान तुकडे करी, आणि निम्म्याहून जास्त तुकडे खडकातच हरवत. तुकडा मिळाला नाही की वरचं यंत्र खाली कळवी, हा पोचला नाही. पेटी तोच तुकडा पुन्हा पाठवी. पोचेपर्यंत.

पण वाट एकच होती आणि अरुंद. तिच्यावरून एका वेळी एकच तुकडा जाई. म्हणून क्रम ठरवलेला होता. माणसाच्या प्राणाची माहिती वर्ग एक. हवा आणि वायू वर्ग दोन. माणूस कुठे आहे ते वर्ग तीन. लिहिलेली अक्षरं वर्ग चार, आणि आवाज सगळ्यांत शेवटी. वरच्या वर्गाचा हरवलेला तुकडा परत पाठवायचा असेल तर खालच्या वर्गाने बाजूला व्हायचं. कितीही वेळ रांगेत उभा असला तरी, अर्धवट निघालेला असला तरी. क्रम बदलायची किल्ली वर ठेवलेली होती. खाली अडकलेला माणूस घाबरलेला असतो, तो चुकीचं काहीतरी पुढे काढेल, हे त्यामागचं कारण. नव्या माणसांना पट्टा बांधायला शिकवताना मृणाल हा नियम समजावून सांगायची, आणि तो कुणालाच चुकीचा वाटायचा नाही.

थालीपीठ खाऊन झाल्यावर मामा छाती चोळायला लागले.

"काय होतंय?"

"कुणी बसल्यागत वाटतंय हितं. धूळ गेली आसंल."

तिने पेटीचा पडदा पाहिला. ठोके नीट चालू असतात तेव्हा पट्टा नुसता आकडा पाठवतो, ते काम क्षणाचं. लय बिघडली की मात्र पट्टा हृदयाचा पूर्ण आलेख पाठवायला लागतो, रेघ न रेघ, कारण वरच्या डॉक्टरला तेच हवं असतं. पडद्यावर आता एकच ओळ होती. वर्ग एक, लोखंडे, पुन्हा पाठवत आहे.

बऱ्याच वेळाने पेटीतून एका बाईचा आवाज आला. घाई होती, पण शब्द सुटे होते.

"मृणालताई, मी सुजाता. अंकुश लोखंड्यांची मुलगी. कराडला हॉस्पिटलात नर्स आहे मी, दरडीचं कळताच इथे आले. दादांचा आलेख माझ्यासमोर आहे. नीट ऐका. त्यांना आडवं करू नका, पाठीला टेका देऊन अर्धवट बसवा. गुडघे थोडे वर. प्रथमोपचाराच्या डब्यात ॲस्पिरिन असेल, एक गोळी चावून खायला द्या, गिळायची नाही. दादा, ऐकताय ना? चावून."

मामांनी गोळी चावली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाय," ते पेटीकडे बघून म्हणाले.

"कडू लागेल," सुजाता वरून म्हणाली, जणू तिला ऐकू आलं होतं. "तरी चावा."

मामा हसले. त्यांचा चेहरा घामाने चमकत होता, पण ते हसले. त्यानंतर दर थोड्या वेळाने सुजाता बोलत राहिली. आता ठोके जरा सावरलेत. आता श्वास सावकाश घ्या. दादा, तुम्ही हात हलवताय का, हलवू नका. तिला वर एक हिरवी रेघ दिसत होती, आणि त्या रेघेच्या आधाराने ती बापाला इथे खाली सांभाळत होती.

*

पाणी मृणालला त्यानंतर दिसलं.

उजवीकडची भिंत कोरडी होती. डावीकडच्या भिंतीवर, छताला लागून, एक ओली रेघ उतरत होती. तिने शिडी लावून हात फिरवला. पाणी बर्फासारखं गार होतं. त्या भिंतीपलीकडे जुना चाचणी बोगदा होता. खडक कसा आहे ते बघण्यासाठी सुरुवातीच्या काळात खणलेला आणि मग दोन्ही तोंडं बुजवून सोडून दिलेला. नकाशावर तो कोरडा, रिकामा दाखवलेला होता. त्यातले मोजमापाचे संवेदकही कधीच काढून नेलेले. भिंतीच्या तळाशी त्याची एक निचऱ्याची नळी बाहेर आलेली होती, बूच मारलेली. मृणालने पाना लावून बूच जरासं सैल केलं.

पाण्याची धार तिला चाटून समोरच्या भिंतीवर आदळली. तिने अंगाचं सगळं वजन टाकून बूच परत आवळलं. नखं रक्ताळली.

"काय गं ते?" मामांनी विचारलं. घाबरल्यावर ते तिला मॅडम म्हणायचं विसरले.

"खालच्या तळ्याचं पाणी आत शिरलंय. दरडीने कुठेतरी वाट केली असणार. पलीकडचा बोगदा छतापर्यंत भरलाय."

"मग?"

'मग'चं उत्तर थोड्याच वेळात पेटीतून आलं.

"मृणाल, ऐक," श्रीरंग म्हणाला. "पलीकडच्या रस्त्याच्या बोगद्यातून आम्ही येतोय. चाचणी बोगदा आडवा ओलांडून थेट तुमच्या डाव्या भिंतीला. तिथे खडक सगळ्यात कमी आहे. मोठं ड्रिल पोचलंय, सहा जणांची टोळी आहे. माणूस जाईल एवढं भोक पाडायचं. मामांना लवकर हॉस्पिटलात न्यायचंय म्हणून साहेबांनी हाच मार्ग मंजूर केलाय. भिंतीपासून दूर बसा."

मृणालने लिहिलं, 'चाचणी बोगद्यात पाणी भरलंय. ड्रिल थांबवा.'

पडद्यावर उमटलं: वर्ग चार, प्रतीक्षेत. त्याच्या वर: वर्ग एक, लोखंडे, पुन्हा पाठवत आहे.

ती बघत राहिली. मधेच क्षणभर वाट मोकळी होई, तिच्या मजकुराचा पहिला तुकडा निघे, आणि तेवढ्यात वरून खबर येई की आलेखाचा अमुक तुकडा मिळाला नाही. तिचा तुकडा परत मागे. मामांचं हृदय एकेक ठोका चुकवत होतं आणि चुकलेल्या प्रत्येक ठोक्याची रेघ पुन्हा पुन्हा वर जात होती, पोचेपर्यंत. ती पेटीसमोर "थांबवा!" म्हणून ओरडली. आवाज वर्ग पाच होता. तो रांगेत चौथ्याच्याही मागे जाऊन उभा राहिला.

मग तिला वाटलं, आपलाच पट्टा काढावा. काहीतरी बिनसलंय एवढं तरी श्रीला कळेल. तिने पट्टा काढला.

"मृणाल?" लगेच आवाज आला. "मृणाल, तुझे ठोके गेले. मृणाल!" मागे कुणीतरी म्हणालं, बॅटरी गेली असेल, तिचा आलेख तर नीट होता. पण श्रीरंग ऐकत नव्हता. तो दुसऱ्या कुणाला तरी ओरडून सांगत होता, "वाट कसली बघताय? चालू करा! आत्ता!"

तिने घाईघाईने पट्टा परत बांधला. ठोके परत दिसले, वर सुटकेचे सुस्कारे सुटले. पण ड्रिल वेळेआधी सुरू झालं होतं. डाव्या भिंतीतून, अजून लांबून, एक बारीक थरथर यायला लागली.

*

"मामा," मृणाल त्यांच्याजवळ बसली. "मी काही सांगते ते ऐका."

तिने सगळं सांगितलं. ड्रिल पाण्याला भिडलं की आधी ते सहा जण जातील आणि मग आपण, हेही.

"म्हंजे माझ्या काळजाची रेघ तुझ्या आडवी येती."

"हो."

"आन् पट्टा काढला की?"

"माझा काढला तेव्हा त्यांना वाटलं बॅटरी गेली, कारण माझे ठोके नीट होते. तुमचे आधीच बिघडलेत. बिघडलेली लय आणि मग एकदम काही नाही, याचा अर्थ दुवा एकच लावतो."

मामांनी पेटीकडे पाहिलं. तिथून सुजाता सांगत होती, "दादा, छान चाललंय. असंच बसा. मी बघतेय."

"नगं," मामा म्हणाले. "तेवढं नगं करू पोरी. ती बघतीया म्हणून मला धीर हाय. खरं सांगतो. दुसरं काय बी सांग."

त्यांना धरून पट्टा ओढून काढायला तिला एक क्षण लागला असता. ते अर्धवट बसलेले, हात मांडीवर, ओठ निळसर. तिने आपले हात दोन्ही गुडघ्यांखाली दाबून धरले.

थरथर वाढली. नळीच्या बुचाभोवती पाण्याचे थेंब जमून टपटपू लागले. पेटीतून टोळीतल्या कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. श्रीरंगने त्यांचा आवाज मुद्दाम खाली जोडून दिला होता, धीर यावा म्हणून. "मामा, आलोच ओ," कुणीतरी यंत्राच्या घरघरीवरून ओरडत होतं. "संध्याकाळचा च्या बाहेरच घेऊ!"

मामांनी डोळे मिटले. मग उघडले.

"काढ," ते म्हणाले. "हूक मागं हाय. माझा हात पुरत न्हाई."

मृणालने त्यांच्या सदऱ्यात मागून हात घातला. अंग गार आणि ओलं होतं. हूक सुटल्याचा बारीक आवाज आला.

पेटीत सुजाताचं वाक्य चाललं होतं. "आता दादा, थोडं पाणी असलं तर फक्त ओठ..." आणि ती थांबली.

पडद्यावर वर्ग एकची ओळ पुसली गेली. वर्ग चार, पाठवत आहे. पुन्हा पाठवत आहे. पुन्हा पाठवत आहे. मृणालने तोंडावर मूठ दाबून धरली होती. पोचले. दुसरा तुकडा. पुन्हा पाठवत आहे. पोचले.

"चाचणी बोगद्यात," श्रीरंग वाचत होता. त्याचा आवाज सपाट होता, समजत नसलेलं वाचावं तसा. "पाणी भ... भरलंय... ड्रिल..." आणि मग तो किंचाळला, "बंद करा! ड्रिल बंद! सगळे मागे या, मागे!"

थरथर थांबली. नंतर कळलं ते असं: यंत्राच्या टोकाशी खडक घाम आल्यासारखा पाझरायला लागला होता आणि टोळीला वाटलं होतं, यंत्राच्या थंडाव्याचंच पाणी असेल.

*

मग श्रीरंग बोलला, अगदी हळू.

"मृणाल, सहाही जण बाहेर आले. तुझं काहीतरी रांगेत अडकलंय हे मला दिसत होतं. नुसता वर्ग दिसतो, मजकूर दिसत नाही. मला वाटलं तू मला काही लिहिते आहेस. आपल्या दोघांचं. त्यासाठी एका माणसाचे ठोके बाजूला कसे सारायचे? शेजारी त्यांची मुलगी बसलेली." तो थांबला. "मामांचं कळलं आम्हाला. तू एकटीने..."

"आरं हाय की मी!" मामा ओरडले. ओरडणं कसलं, घशातून फुटका आवाज निघाला. "हाय की!"

मृणाल आधीच त्यांना पट्टा बांधत होती. पडद्यावर आलं: लोखंडे, नोंद बंद. दुव्याने त्यांना मृतांत घातलं होतं आणि मृतांचं काही तो वर नेत नसे. नोंद उघडायची किल्ली अर्थातच वर. ती बटणांकडे धावली. 'मामा जिवंत. पट्टा मी काढला.' पाठवत आहे. पुन्हा पाठवत आहे.

आणि तेवढ्या वेळात सुजाता बोलत होती. माईक चालू आहे हे बहुतेक तिला ठाऊक नव्हतं.

"मी सकाळी फोन उचलला नाही त्यांचा. राऊंड चालू होता. नंतर करू म्हटलं... दादा, मी आले होते ओ. मी इथंच होते. मला वाटलं सावरतंय. माझ्यासमोर होतं सगळं..." आणि मग शब्द उरले नाहीत. मोठ्या बाईचं रडणं त्या अरुंद गल्लीत भरून राहिलं. पेटीचा आवाज कमी करायची सोय नव्हती.

मामा पेटीकडे बघत बसले होते. पुन्हा ओरडले नाहीत.

पुन्हा पाठवत आहे. पुन्हा पाठवत आहे.

"मामा जि..." श्रीरंग वाचायला लागला. "थांबा, थांबा, काहीतरी येतंय. जिवंत. मामा जिवंत! पट्टा मी... काढला."

रडणं तुटलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

"का?" सुजाताने विचारलं. आणि कुणी काही सांगायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "हां. समजलं."

वर कुजबुज झाली. नवा मार्ग वरून तिरकं भोक पाडत येणार होता, लांबचा, पण कोरडा. गल्लीत पाणी किती वाढतंय, कुठली भिंत हलतेय, हे खालून सतत कळायला हवं होतं. त्यावर ड्रिलचा वेग आणि दिशा ठरणार होती. श्रीरंग सुजाताला सांगत होता, आणि माईक चालूच होता. "मी त्यांची नोंद उघडू शकतो. पुन्हा रेघ दिसेल. पण मग मृणालची अक्षरं..."

"अडकतील."

"हो."

"मग नका उघडू." तिने श्वास घेतला. "ताई, दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवा, अंगठ्याच्या बाजूला. स्वतःचा अंगठा वापरू नका, आपलीच नाडी लागते. पाण्याचं लिहाल तेव्हा शेवटी नाडीचा आकडा घाला. बास. मला तेवढं पुरेल."

*

त्यानंतरचा काळ लांबलचक होता आणि त्यात फार काही घडलं नाही. वरून ड्रिलचा आवाज येत होता, कधी जवळ, कधी दुसरीकडेच. पाणी घोट्यापर्यंत आलं. मृणालने केबलच्या रिकाम्या रिळांवर फळी टाकून मामांना वर घेतलं. ती पाणी मोजायची, लिहायची, पेटी पुन्हा पुन्हा पाठवायची, वरून पोच यायची. मामा अधूनमधून बोलत. मधेच झोप लागल्यासारखे गप्प होत, आणि तिची बोटं त्यांच्या मनगटावर घट्ट होत.

नाडीचा आकडा ती खरा लिहायची. एकदा तो इतका वाईट होता की तिने जरा वाढवून लिहिला. सुजाता वरून म्हणाली, "ताई, खरं लिहा." तिला कसं कळलं कोण जाणे. पुढच्या वेळी मृणालने खरं लिहिलं.

"आवाज जवळ आला का गं?" मामांनी विचारलं.

"आला मामा. खूप जवळ आलाय."

"मग बरं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने तिच्या बोटांखाली काही नव्हतं. तिने बोटं सरकवली, दाबली, दुसरं मनगट धरलं. मग त्यांना फळीवर आडवं करून दोन्ही तळहातांनी छाती दाबायला लागली, शिकवलं होतं तसं, मोजत. पाणी हिंदकळत होतं. हात सुन्न झाले तरी ती दाबत राहिली. मोजणं कधी थांबलं ते तिचं तिलाही कळलं नाही. शेवटी ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली.

"ताई," पेटीतून सुजाता म्हणाली. "पाण्याची वेळ झाली. दादा कसे आहेत?"

मृणालने आधी पाण्याची पातळी लिहिली. ती गेली, पोचली. बटणांवर बोटं ठेवून ती थांबली. आता क्रम लावणारं दुसरं कुणी नव्हतं. थोडं थांबून, बाहेर गेल्यावर, समोरासमोर सांगता आलं असतं.

"पाणी आलं," सुजाता म्हणाली. "आणि आकडा?"

तिने लिहिलं. 'मामा गेले.' पेटीने त्याचे दोन तुकडे केले. पहिला पोचला.

"मामा," वर सुजाताने वाचलं. "हां ताई, मामा, पुढं? पुढचं अडकलंय. पाठवा, मी आहे."

पडद्यावर: पुन्हा पाठवत आहे. त्याखाली रद्द करायचं बटण. पुन्हा पाठवत आहे. मृणालचं बोट त्या बटणाच्या बाजूलाच होतं. तिने ते उचलून मांडीवर ठेवलं. पुन्हा पाठवत आहे. पोचले.

ड्रिलची घरघर तेवढी दोन्हीकडून ऐकू येत होती, पेटीतूनही आणि छतातूनही.

बऱ्याच वेळाने सुजाताचा आवाज आला. बसलेला, पण तसाच सुटा सुटा.

"ताई, आता तुम्ही एकट्याच आहात तिथं. घाबरू नका. मी बोलत राहते. तुम्ही पाण्याचं तेवढं लिहा, बाकी काही लिहू नका."

आणि ती बोलत राहिली. पाटणच्या बाजाराबद्दल, हॉस्पिटलातल्या एका हट्टी पेशंटबद्दल, बांधकामाच्या वेळी दादांनी क्रेनवरून तिला एकदा वरचं तळं दाखवलं होतं त्याबद्दल. छतातून पहिला दगड पाण्यात पडला तेव्हाही ती बोलतच होती.

*

बाहेर दुसऱ्या दिवसाचं ऊन होतं. झोळीतून वर काढताना मृणालने डोळ्यांवर हात धरला होता. तो कुणीतरी हळूच बाजूला केला. श्रीरंग होता. तिचा हात त्याने सोडला नाही.

"श्री," ती म्हणाली, "मी तुला काहीच लिहिलं नव्हतं रे. एक शब्दसुद्धा नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

नंतर मामांना आणलं. पांढऱ्या चादरीशेजारी एक सावळी, उंच बाई उभी होती, अंगावर अजून नर्सचाच गणवेश. कुणी अधिकारी तिला विचारत होता, मृत्यूची वेळ दुव्याप्रमाणे टाकायची ना. "नाही," ती म्हणाली, "ती वेळ चुकीची आहे. या ताईंना विचारा." तो गेल्यावर ती मृणालच्या स्ट्रेचरच्या कडेला येऊन बसली.

"एक सांगाल? मी रडत होते तेव्हा... पट्टा काढल्यावर. ते खाली ऐकू येत होतं?"

मृणालला क्षणभर वाटलं, नाही म्हणावं.

"सगळं ऐकू येत होतं."

"काय म्हणाले?"

"आधी ओरडले, हाय की मी म्हणून. मग गप्प बसले. नंतर, पाणी वाढत होतं तेव्हा, आपणहून म्हणाले..." तिला त्यांचा आवाज आठवून घ्यावा लागला. "म्हणाले, 'लग्नात या पोरीनं एक टिपूस काढलं न्हाई. सगळी बायामाणसं बघत हुती. मला वाटलं, हिला बापाचं काय न्हाई. आज कळलं.'"

सुजाताने ओठ घट्ट मिटले. मग तिच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्यातच रडू.

"मेकअप उतरेल म्हणून नव्हते रडले हो," ती म्हणाली. "दुसरं काही नव्हतं. नुसता मेकअप."